ट्रॉलीवाल्याची टाकी

बेलापुरात माझं उसाच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. वडिलांच्या जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी गंजून सडली, तेव्हा पुण्याचा एक नावाजलेला मेकॅनिक म्हणाला, "ही टाकी आता मिळत नाही, आणि तुमच्या गावाकडं ती कुणाला जमणार नाही. गाडी शोपीस म्हणून अंगणात ठेवा." मला ते चांगलंच झोंबलं.

पहिली टाकी मी हाताच्या सवयीनं ट्रॉलीच्या जाड पत्र्याची केली. ती बसवली तर गाडीचा मागचा भागच खाली बसला. बायको म्हणाली, "ऊस न्यायचा हाय का हिच्यातून?" मी गुमान ती उतरवली. दुसरी पातळ पत्र्याची केली, तोंडं बंद करून हवा भरली आणि म्हशींच्या हौदात दाबून धरली. एकही बुडबुडा आला नाही.

मग गाडी चालवत पुण्याला नेली आणि थेट त्या मेकॅनिकच्या दारात उभी केली. त्यानं वाकून बघितलं, वेल्डिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "पण ही ओरिजनल नाही."

मी डिकी उघडली, सडकी टाकी काढली आणि त्याच्या टेबलावर ठेवली.

"ओरिजनल ही घ्या. शोपीस म्हणून ठेवा."