एक्स-रेचं आकाश
घड्याळं दुरुस्त करण्यात घड्याळजींची चाळीस वर्षं गेली. दुकान बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा त्यांनी भंगारवाल्यांकडून जुने खेळण्यातले अंतराळवीर गोळा करायला घेतले. बोटाएवढे, प्लॅस्टिकचे, कुणाचं शिरस्त्राण फुटलेलं, कुणाचा पायच गायब. त्यांचे फोटो काढून मोबाइलवरच्या हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचे, हा नवा उद्योग. खर्च मात्र शून्य. अंड्यांचा ट्रे करडा रंगवला की चंद्रावरचे खड्डे झाले, वर चाळलेली राख भुरभुरली की धूळ. बायको म्हणायची, "केर मी काढायचा, आणि तुम्ही तो चंद्रावर नेऊन टाकायचा."

अडत होतं ते आकाशापाशी. काळा कागद चमकायचा आणि पांढऱ्या रंगाचे ठिपके काही केल्या तारे दिसायचे नाहीत. अशात एका दुपारी कपाटात बायकोचा जुना एक्स-रे हाती लागला, दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा. आता ती ठणठणीत आहे, मग हा ठेवून करायचंय काय, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. तिला विचारायचं सुचलंही नाही. बारीक सुईने शेकडो भोकं पाडली, उजव्या बाजूला वर नाण्याएवढा गोल कापून मागे पिवळा कागद लावला, झाला ग्रह. पाठीमागून दिवा धरला आणि ते स्वतःच बघत राहिले. ग्रुपवर तर वाहवा झाली. "हे आकाश आणलंत कुठून?" कुणीतरी विचारलं. "घरचंच आहे," त्यांनी ऐटीत लिहिलं.

पंधरा दिवसांनी बायकोचा खोकला लांबला. डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला आणि उजवीकडे वर, एका डागावर बोट ठेवलं. "जुना एक्स-रे घेऊन या. डाग तेव्हाही असेल तर काळजी नाही."

घड्याळजी नुसतं "बरं" म्हणाले. तिथेच सांगायला हवं होतं. निदान घरी आल्यावर तरी.

बायकोने सगळं कपाट उपसलं. "इथेच ठेवला होता हो मी, या निळ्या पिशवीत."

"सापडेल, सापडेल," म्हणत घड्याळजी वाकून पलंगाखाली बघू लागले.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, एक्स-रे सापडत नाही म्हणतेय आई. हल्ली विसरायला लागलीय का?"

"वय झालंय गं तिचं," ते बोलून गेले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

त्यानंतर कपाटाच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या दिसू लागल्या. डावीकडे चादरी, उजवीकडे औषधं. बाहेर पडताना बायको जिन्यावरून दोनदा परत फिरायची, गॅस बंद आहे का ते बघायला. घड्याळजी मान खाली घालून चपला घालत राहायचे. चौथ्या दिवशी तिने हलक्या आवाजात विचारलं, "अहो, मीच कुठे टाकून तर दिला नसेल ना? मला काहीच कसं आठवत नाही?"

ते उठले. टेबलामागून एक्स-रे काढून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला. "तू नाही विसरलीस. मी घेतला होता. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं मला."

तिने तो खिडकीशी धरला. मागचा पिवळा कागद सोलून कापलेल्या गोलातून बोट आरपार घातलं. "डॉक्टरांनी दाखवलेली जागा हीच ना?"

"हो."

"म्हणजे आता ती मोठी तपासणी आली."

"हो."

"तपासणीचं काही नाही, झोपेन मी त्या यंत्रात. पण चार दिवस मी स्वतःलाच घाबरत होते. आणि तुम्ही माझ्यासोबत पलंगाखाली बघत होतात."

चुकलं माझं, हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले. पण एवढ्याशा शब्दांनी काय होणार, असं वाटून ते तिथेच अडले.

"मला काही सांगू नका," ती म्हणाली. "मुलीला फोन लावा. इथे, माझ्यासमोर."

त्यांनी नंबर दाबला. "बोला बाबा," मुलगी म्हणाली. मग पुन्हा म्हणाली. समोर बायको हाताची घडी घालून बसली होती. तिसऱ्यांदा मुलगी घाबरून म्हणाली, "आई बरी आहे ना?" तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून शब्द फुटला. "ती बरी आहे गं. मी खोटं बोललो तुझ्याशी."