पुस्तकात मांजर होतं

परवा नात मोबाईलवर एका सिनेमाखाली लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवत होती. सिनेमा कॉमिकवरून काढलेला, सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एकाचा. आणि खाली लोक नुसते भांडत होते: पुस्तकात असं नाही, पुस्तकात तसं आहे, नास करून टाकला. नात म्हणाली, "आजी, किती मनाला लावून घेतात ना लोक?"

म्हटलं, "बाई गं, हे भांडण आपल्या घरात फार आधी होऊन गेलंय. तुझ्या पणजीनं केलंय ते."

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचे हे प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते, म्हणून राहायला कॉलनीत क्वार्टर. मी तेव्हा पस्तिशीची आणि शहाणपण त्याच्या निम्मंही नाही. पुणतांब्याला 'लई' आणि 'न्हाई' करत वाढलेली मी, पण कॉलनीत आल्यावर जीभ अशी घासूनपुसून काढली होती की माहेरचे तोंडाला पदर लावून हसायचे. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकचा मोर. मोराची मान रोज पुसायची मी. माणसांकडे बघायला तेवढी सवड नसायची.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, सासरे गेल्यापासून आमच्याकडेच होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. माझी मुलगी सहावीत होती, देवळालीच्या स्टँडजवळून भाड्यानं कॉमिक आणायची. माझ्या हाती लागलं तर बंबात जाईल म्हणून ते आत्याबाईंच्या गोधडीच्या घडीत लपवायची. दुपारी दोघी दार लोटून बसत. आत्याबाई तांदूळ निवडत आणि आतून वाचनाचा एकसुरी आवाज येई. मी साऱ्या कॉलनीत सांगून आले होते, "आमची मुलगी आजीला पोथी वाचून दाखवते हो."

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मी थाटात करायचं ठरवलं. व्हीसीआर भाड्यानं सांगितला. मुलीला बजावून कॅसेट आणायला पाठवलं: एखादा संतपट आण, काहीही झालं तरी संतपटच आण. वाणाला स्टीलच्या चहाच्या गाळण्या आणल्या, बायकांच्या डोक्याइतक्या नेमक्या. आत्याबाईंची त्यात नव्हती. त्या विधवा, आणि हळदीकुंकवाला विधवेनं पुढं यायचं नाही, ही रीत. त्यात मोठ्या साहेबांच्या बाई येणार होत्या. माझ्या बैठकीत काही उणं दिसलं नि त्यांनी नाक मुरडलं तर, एवढीच मला धास्ती.

आत बसा असं मी आत्याबाईंना म्हटलं नाही हं. तेवढी मी सुसंस्कृत. म्हटलं, "आत्याबाई, मसाल्याचं दूध ठेवलंय, जरा बघाल का?"

"बघते की," त्या म्हणाल्या आणि पाट ओढून चुलीशी बसल्या. तीन तास बघत बसावं असं त्या दुधात काही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. पण मी पदर सारखा केला आणि बाहेर आले.

मुलगी धापा टाकत आली. "संतपट नाही मिळाला. हीच होती." बायका येऊन बसलेल्या, आता काय करता? लावली. पहिल्या पाच मिनिटांत एक काळ्या चष्म्याचा माणूस न्हाव्याच्या दुकानात शिरला आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला गोळी घालून शांतपणे आरशात भांग पाडून निघून गेला. बायकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला.

मोठ्या साहेबांच्या बाईंनी विचारलं, "संतपट ना हा?"

"हो तर," मी म्हटलं, "आधी दरोडेखोर असतो. मग संत होतो."

या उत्तरावर अजूनही मला रात्री अंथरुणात हसू येतं.

पण कुणी उठेना. उलट जवळ सरकल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढी माणसं मारतो, शर्टाला डाग नाही. धुतं कोण याचे कपडे?"

"लाँड्रीत टाकत असंल."

"आणि जेवतो कुठं? एकदा तरी ताट दिसलं का पुढं?"

"आई न्हाई वाटतं मेल्याला. असती तर असा वाळला नसता."

दहा मिनिटांत त्या खुन्याच्या जेवणाची काळजी सगळ्या खोलीला लागली. त्याच्या मागून एकजण सुरा घेऊन आला तेव्हा तर "अय, माघारी बघ की मुडद्या!" असं कुणीतरी किंचाळलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ती मीच होते. घासूनपुसून काढलेली जीभ!

मग एक नाचणारी बाई आली, चमचमत्या साडीत. आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "ही कुठनं आली बया? पुस्तकात ही न्हाई."

मी खाकरले. बायकांनी ऐकलं नसावं असं मला वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा, "मांजर कुठं हाय त्याचं?"

मी उठून दारात गेले आणि दातांतल्या दातांत म्हटलं, "आत्याबाई, दूध." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पळी हलवायला लागल्या. त्या पाहण्याचा अर्थ त्या वेळी मी लावला नाही. पुढं मात्र पुष्कळदा लावला.

सिनेमा शेवटाला आला. त्या माणसाला आता एका म्हाताऱ्या मास्तरांची सुपारी मिळालेली. मास्तरांच्या दारात तो उभा, खिशात हात. मास्तर आतून म्हणतात, "ये, दार उघडंच आहे." आणि तेवढ्यात लाइट गेली. आमच्या कॉलनीला वीज कारखान्याची, उसाचं गळीत थांबलं की आम्ही अंधारात. दुपार होती म्हणून एकमेकींची तोंडं तरी दिसत होती.

"आता गं? मारतो का सोडतो?"

"न्हाई मारत."

सगळ्यांनी माना वळवल्या. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, हातात पळी घेऊन उभ्या होत्या.

"तुम्हाला कसं माहीत, मावशी?" मोठ्या साहेबांच्या बाईंनी विचारलं.

"वाचलंय मी," आत्याबाई म्हणाल्या. "तीनदा."

माझ्या पोथीचं पितळ तिथं उघडं पडलं. मुलगी मोरामागं तोंड लपवत होती. मी जमिनीकडे बघत होते. आता नाक मुरडलं जाणार! तर मोठ्या साहेबांच्या बाई सतरंजीवर सरकल्या, शेजारची जागा हातानं झाडली आणि म्हणाल्या, "इथं या. मध्ये बसा आणि नीट सांगा."

एवढंच होतं ते. हे मला आठ दिवस आधी सुचू शकलं असतं.

आत्याबाई बसल्या. पळी मांडीवर ठेवली आणि सांगू लागल्या. पुस्तकात त्या माणसाचं एक मांजर असतं, एका डोळ्यानं आंधळं. कामाला जायच्या आधी तो त्याला दूध ठेवतो. मास्तरांच्या घरात शिरतो तर तेच मांजर मास्तरांच्या मांडीवर. दिवसा ते मास्तरांकडं असतं, त्यांच्या हातचं जेवतं. "मग कसा मारंल वो? आपल्या लेकराला जो जेवू घालतो, त्याच्यावर हात उचलतो का कुनी?"

वहिनींनी डोळे पुसले. दूध उतू गेलं. कुणी उठलं नाही, मीसुद्धा.

लाइट आली, कॅसेट पुन्हा सुरू केली. सिनेमातल्या माणसानं मास्तरांना धाडकन गोळी घातली, आणि ती नाचणारी बाई परत आली.

"बंद करा ते," मोठ्या साहेबांच्या बाई म्हणाल्या. "मावशींचंच खरं." सगळ्यांनी मान डोलावली. कॉलनीत पुढं कितीतरी दिवस तो शेवट आत्याबाईंचाच सांगितला जायचा.

मी हळदीकुंकू द्यायला उठले. एकेकीला देत आत्याबाईंशी आले. हळद लावली. कुंकवाच्या करंड्यावर बोट गेलं आणि अडलं.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. खाज येती मला कुंकवानं."

मला सोडवलं त्यांनी. आणि मी, मूर्ख, सुटले. माझ्यासाठी ठेवलेली गाळणी त्यांच्या ओटीत टाकली आणि पुढं सरकले.

संध्याकाळी मुलीला दटावलं तेव्हा कळलं, संतपट दुकानात होता. त्यांच्या त्या कॉमिकवरून काढलेला सिनेमाच मुद्दाम आणायचा, हा कट दोघींचा होता. आजीला मांजर खरंखुरं हलताना बघायचं होतं.

"आन् त्येच न्हाई दावलं," आत्याबाई नव्या गाळणीतून चहा गाळत म्हणाल्या.

पुढच्या संक्रांतीला वाण एक जास्त आणलं. बायका जमल्यावर आत्याबाईंना हाताला धरून बाहेर आणलं, पहिल्यांदा त्यांनाच बसवलं. हळद लावली. करंड्यात बोट बुडवलं आणि थांबले, त्या खाजेचं काही म्हणतायत का बघायला.

त्यांनी कपाळ पुढं केलं.