मामांनी मागे घेतलेला दावा

ज्याच्याशी माझ्या बायकोचे मामा कधी भांडले नाहीत, असा माणूस उरण तालुक्यात शोधून सापडायचा नाही. एसटी थांब्याच्या पुढे जाऊन थांबली, तर मामा जागचे हलत नसत. ड्रायव्हरलाच गाडी मागे घ्यावी लागे. स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळला म्हणून त्यांनी भटजींना बोहल्यावरून जाब विचारला आणि त्या वादात लग्न आणखी लांबलं. "बरोबर हाय ते बरोबर हाय, त्यात लाज कसली?" असं वर आम्हालाच विचारत.

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात ते क्रेन चालवायचे. एकदा क्रेनच्या तारेचे पदर सुटलेले दिसले आणि मामा सरळ खाली उतरले. "खाली मानसं उभी हायत. तार बदला, मग चढतो." हुकूम मोडला म्हणून त्यांना कामावरून काढलं. मामांनी कामगार न्यायालयात दावा लावला. ती तार पाहिलेला साक्षीदार एकच, खालून इशारे देणारा त्यांचा जोडीदार.

साक्षीच्या दिवशी मी बरोबर होतो. कोर्टाच्या आवारात जोडीदार हळूच म्हणाला, "मामा, खरं तेच बोलतो. पन उद्या माजीबी नोकरी जाईल. पोरीचं लगीन ठरलंय."

मामा वळून वकिलांना म्हणाले, "दावा मागं घ्या."

वकील चिडले, समजावून थकले. "निदान पुन्हा दाखल करायची परवानगी मागून ठेवू," म्हणाले. कोर्टाने ती दिली. यार्डाचे साहेब हसत हात मिळवायला आले. मामांनी हात खिशातून काढला नाही.

मामांनी पैसे घेऊन मांडवली केली, असं गावभर झालं. खरं कारण सांगितलं तर जोडीदाराची नोकरी धोक्यात, म्हणून जन्मभर भांडलेला हा माणूस गप्प राहिला. ते नाक्यावर आले की लोक बोलणं थांबवत. "पुन्हा लावा ना दावा, हक्क आहे," मी एकदा म्हणालो.

"साक्षीला कोन? तोच ना?"

जोडीदाराच्या पोरीच्या हळदीला सगळ्या गावाला आमंत्रण गेलं, मामांना नाही. यार्डाचे साहेब येणार होते म्हणे. मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ओटीवर बसले होते. पलीकडच्या आळीत हळदीचा बँजो वाजत होता. मी जोडीदाराला दोन शिव्या हासडल्या.

"विसरला असंल," मामा म्हणाले. "लग्नघरात घाई असते."

आणि अंधार पडेपर्यंत ते तो बँजो ऐकत बसले.