टॅपेट गप्प झाले तेव्हा

बाबा तोफखान्यातून निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पातल्या एका पारशी बाईंची जुनी इंग्लिश मोटार त्यांनी घरी आणली. गाडी वयाने माझ्यापेक्षा मोठी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. आठवडाभर कारखान्यात मापं घ्यायची आणि रविवारी बाबांबरोबर अंगणात बॉनेट उघडून उभं राहायचं, असं माझं चाललेलं असे.

गाडीचं दुखणं एकच. इंजिन सुरू झालं की टॅपेट वाजायचे. व्हॉल्व्हला खालून ढकलणारे हे छोटे दांडे. त्यांचं डोकं आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात अगदी बारीक फट ठेवावी लागते. ती वाढली की टकटक सुरू. आमची टकटक अख्ख्या गल्लीला पाठ झाली होती.

बाबा पुन्हा पुन्हा ती फट जुळवायचे. इंजिनाच्या बाजूचं झाकण काढायचं, पान्याने टॅपेटच्या डोक्याचा स्क्रू फिरवायचा, फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पत्ती सरकवून बघायची. पत्ती हवी तशी, किंचित अडत सरकायची. झाकण लावून गाडी सुरू केली की पुन्हा तेच. "ही पत्तीच खोटी आहे," बाबा चिडून म्हणायचे. मी दुसरं गेज आणलं. तेही पहिल्याचीच री ओढायला लागलं.

एकदा पत्ती फटीत असतानाच मी टॉर्च मारून तिरक्या नजरेने आत पाहिलं आणि बघतच राहिले. पत्तीखाली आणखी रिकामी जागा होती! व्हॉल्व्हच्या टोकाने वर्षानुवर्षं आपटून टॅपेटच्या डोक्यात वाटीसारखा खळगा पाडला होता. पत्ती त्यात उतरतच नव्हती, काठांवर टेकून राहत होती. म्हणजे इतके महिने आम्ही खड्ड्यावर फळी टाकून वरूनच माप घेत होतो. सगळे टॅपेट पाहिले. एकही धड नव्हता.

व्हॉल्व्ह वर उचलून धरत आम्ही ते स्क्रू एकेक करून काढले. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंगवर त्यांची डोकी सपाट करून आणली, पुन्हा बसवली, पुन्हा फट जुळवली. बाबा स्टिअरिंगमागे बसले. डॅशबोर्डवरची स्टार्टरची मूठ ओढली. इंजिन लागलं आणि मी चक्क दचकले. टकटक नाही! नुसती मऊ घरघर.

मी हसून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. त्यांनी पुन्हा स्टार्टर ओढला.

चालू इंजिनावर! दात दातांवर घासल्याचा असा कर्कश आवाज झाला की मी किंचाळलेच. खिडकीतून हात घालून त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, काय करताय?"

"बंद पडली ना!"

"चालू आहे!"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मी त्यांच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा." मान हलली नाही. "बाबा, चहा?" काहीच नाही.

आवाज ऐकून आई पायरीवर आली होती. तिने सगळं पाहिलं. "अहो," तिने हाक मारली. मग आणखी मोठ्याने, "अहो!" बाबा बॉनेटकडेच बघत होते. आई माझ्याकडे वळली.

"मला वाटायचं, यांना माझ्याशी बोलायचंच नाही," ती म्हणाली. "म्हणून मीही बोलायचं सोडलं."

एका घरात राहून मला यातलं काही दिसलं नव्हतं. बाबा अखंड बोलायचे, मोठ्याने बोलायचे. जो माणूस सारखा बोलतो त्याला ऐकू येत नसेल, असं मनातही येत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तोफांनी कान कधीच खाल्लेत. बाबा घरी येऊन गप्प बसले. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी मला अंगणात बोलावलं.

"ती फट पुन्हा वाढव."

"काय?"

"टकटक होती तेव्हा कळायचं गाडी चालू आहे ते. वाढव थोडी."

मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'व्हॉल्व्ह तुटतील.' त्यांनी वाचलं. बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.

कानाचं यंत्र आलं. त्यांनी ते दोनदा फेकलं, तिसऱ्यांदा घातलं. त्यानंतर आईच्या माहेरी, नामपूरला निघालो. गाडी मी चालवत होते, बाबा शेजारी, आई मागे. सटाणा मागे पडल्यावर आई खिडकीबाहेर बघत हळूच पुटपुटली, "माझ्या भावाच्या लग्नात तुम्ही रुसून जेवला नव्हतात."

"रुसलो नव्हतो," बाबा पुढूनच म्हणाले. "ताप होता मला."

मी ब्रेकवर पाय ठेवला. आईने तोंडावर पदर धरला होता. मग ती सावरली आणि म्हणाली, "ताप? कसला ताप? दुपारी तर चांगले पत्ते खेळत होतात!" नामपूर येईपर्यंत दोघं भांडत राहिली.