चंपाच्या पिंजऱ्यापुढची रांग

चंपाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून मी बसलो होतो आणि मला काहीच कळत नव्हतं. ठोके जलद वाटत होते. पण तिच्या जातीचे ठोके मुळात किती पडतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

साठच्या दशकातली गोष्ट. अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी डॉक्टर होतो. बैलांचे सुजलेले खांदे, अडलेल्या म्हशी, फार तर एखाद्या साहेबाचा कुत्रा, एवढंच माझं जग. गावात सर्कस आली आणि तिच्यातली ओरांगउटान आजारी पडली. ओरांगउटान म्हणजे बोर्निओ-सुमात्राच्या जंगलातलं मोठं, बिनशेपटीचं वानर. केस नारिंगी, समज माणसाच्या लेकरासारखी. चंपा अजून लहानच होती. पोट धरून ती कोपऱ्यात पडली होती.

"खाणं सोडलंय," सर्कसचे मालक म्हणाले. ते सांगलीकडचे.

"शौचास?"

"तेही बंद."

हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळसर रेघ होती. आता ही रेघ आजाराची की जातीची? माझ्या पुस्तकांत गाय होती, घोडा होता, चंपा नव्हती. वरच्या साहेबांना फोन लावला.

"माकडच ना ते?" साहेब म्हणाले.

"नाही सर, ही जात वेगळी आहे. जंगलातही फार थोडी उरलीय म्हणतात."

"मग माकडाचंच औषध दे. जरा जास्त दे."

माकडाचं तरी मला कुठे येत होतं? सर्दी समजून सल्फाच्या गोळ्या दिल्या, जंत समजून जंतांचं दिलं. ती आणखीच मलूल झाली. मी गेलो की माझं बोट धरून ठेवायची. हे लेकरू आपल्या हातून मरणार, अशी भीती वाटू लागली.

शनिवारी सकाळी गेलो तर पिंजऱ्यापुढे ही रांग. हातांत नारळ, रुईच्या पानांचे हार, तेलाच्या वाट्या. मालक स्वतः रांग लावत होते, कारण दर्शन झालं की हीच माणसं तिकीट काढून खेळाला बसत. एका म्हातारीनं गजांतून हात घालून चंपाच्या दंडाला काहीतरी चोपडलं. चंपानं सवयीनं दंड चाटला. मी पुढे होऊन तो दंड धरला. माझी बोटं शेंदरी झाली.

मारुतीच्या घरचं समजून गावोगावी लोक तिला दर शनिवारी तेल-शेंदूर लावत होते. तिच्या नारिंगी केसांत तो दिसायचा कसा? त्या शेंदरात शिसं असायचं. शिसं पोटात गेलं की कळा येतात, शौचास होत नाही, हिरड्यांवर निळी रेघ उमटते. पोळ्याला शिंगांना लावायचा रंग चाटून आजारी पडलेले बैल मी पाहिले होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"मालक, हे मला सांगितलं का नाही?"

"देवधर्माचं डॉक्टरला काय सांगायचं?"

मॅगसल्फ पाजलं. हे जुलाबाचं मीठ शिशाला पोटातून बाहेर काढतं. तिचे केस साबणानं धुतले. मग रांगेकडे वळून सांगितलं की शेंदूर हिच्यासाठी विष आहे. परत परत सांगितलं. रांग हलेना.

"तुमी तं बौद्ध झाले डॉक्टरसायेब," धोतरवाले एक गृहस्थ म्हणाले. "तुमाले मारुतीचं काय कयते?"

छप्पन साली आमच्या घरानं धम्म स्वीकारला होता, हे खरं. पण मी शिशाबद्दल बोलत होतो. राग आला, वाईट वाटलं. त्यांना माझा सल्ला नको होता की मीच, हे मला समजेना.

तेवढ्यात ती म्हातारी म्हणाली, "पन इची माय कोठी हाय? एवढंसं लेकरू एकटंच कावून आनलं?"

"माय पिल्लाला छातीपासून सोडत नाही, आजी. म्हणून आधी मायला गोळी घालतात. मग पिल्लू धरून विकतात."

म्हातारीनं मालकांकडे पाहिलं. मालक रांग सरळ करायला वळले. तिनं वाटी पदराखाली घेतली आणि निघाली. तिच्यामागून एकेक करत रांग निघून गेली. धोतरवालेही गेले.

चंपानं हळूहळू केळं सोलायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी पिंजऱ्यापुढे कोणी नव्हतं. तंबूही निम्मा रिकामा.

"डॉक्टर, तुम्ही औषध दिलं की माझा धंदा बसवला?" मालक म्हणाले. "हिच्या जोडीला कलकत्त्याहून आणखी एक पिल्लू मागवणार होतो."

"मग?"

"आता कोण बघणार? राहू दे."

सर्कस खांडव्याकडे गेली. चंपा बरी होऊन गेली, पण पिंजऱ्यातूनच. मी तिला वाचवलं की तिची कैद लांबवली, हे मला आजही ठरवता येत नाही. कुठल्यातरी जंगलात एक माय मात्र तेवढ्यापुरती वाचली असावी, आणि तिच्यावर मी कसलाच इलाज केला नव्हता.

धडा एकच घेतला. त्यानंतर कुठलंही जनावर दवाखान्यात आलं की ते काय खातं हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, याला कोण कोण पूजतं.