हेच इंजिन

पुंजाराम कितीतरी वर्षं पर्यटकांना अजिंठ्याला नेत होता. त्याची डिझेलची जुनी अ‍ॅम्बेसेडर अलीकडं घाटात दम टाकायची, मागं निळा धूर सोडायची. त्या दुष्काळी उन्हाळ्यात औरंगाबादला पर्यटकही फिरकेनात, म्हणून त्यानं गाडी रशीदभाईच्या गॅरेजात लावली.

रशीदभाईनं इंजिन उघडलं. सिलिंडर पार झिजले होते.

"भाऊ, भंगारातून दुसरं इंजिन मिळतं, लगेच बसवतो. हेच ठेवायचं तर सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कातून, मोठे पिस्टन टाकावे लागतील. लई वेळ जाईल."

मुलगा शिवराज पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, गाडी विकून टाका अन् इकडं या."

"बघू," म्हणून पुंजारामनं फोन ठेवला. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की त्याची बायको आशाबाई चहाचं आधण ठेवायची. ती गेली. मग गल्लीतली घरं पाडून बिल्डिंगा उठल्या, शेजारीही पांगले. आता तो आवाज ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं.

"दुसरं बसवलं तर आवाज बदलंल का?" त्यानं रशीदभाईला विचारलं.

"बदलणारच की."

"मग हेच करा."

काम झाल्यावर रशीदभाईनं बजावलं, "पिस्टन नवे आहेत. थोडे दिवस हळू चालवा, सवारी घेऊ नका."

मग रोज सकाळी पुंजाराम रिकामी गाडी घेऊन दौलताबादकडं निघायचा. मागचे ट्रक हॉर्न देत पुढं जायचे. रस्त्याकडेच्या सीताफळीच्या बागा वाळून गेल्या होत्या. किल्ल्याखालून तो गाडी वळवायचा आणि तितक्याच हळू परत यायचा. घरी लवकर पोचायची त्याला घाई नसायची.