बयाबाईचं जुनेर

नेसरीत बयाबाईच्या हाताला मान होता. लाथाडणारी, शिंग उगारणारी कसलीही म्हैस तिच्या हाताला गरीब होई. लग्न होऊन गारगोटीकडनं आली तेव्हापासून गोठा तिच्याच गळ्यात पडला आणि सगळ्यांनी कौतुक करत तो तिथंच राहू दिला. कौतुकाला काय, पैसे पडत नाहीत. आताची म्हैस तर तिच्याशिवाय कुणाला कासेजवळ फिरकू देत नसे. नवरा गुंडू हे गावभर अभिमानानं सांगायचा, जणू त्यात त्याचीच करामत होती.

गेल्या वर्षी बयाबाईच्या कुशीत कळा सुरू झाल्या. ओवा झाला, हिंग झाला. अंगात ताप भरला तेव्हा कुठं सून पूर्णिमा तिला कोल्हापूरला, राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन आली. मूत्रपिंडातनं उतरलेला खडा वाटेत अडकला होता आणि वर लघवी तुंबून मूत्रपिंड फुगलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून आत एक बारीक नळी बसवली. तुंबलेलं वाहतं झालं, ताप उतरला.

"मावशी, ही नळी कायमची नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "दीड महिन्यात परत यायचं. खडा काढू, नळीही काढू. तशीच राहिली तर तिच्यावरच खडे धरतात, मग मूत्रपिंड हातचं जातं."

घरी वेगळाच गोंधळ होता. म्हशीनं कुणालाच पान्हा सोडला नव्हता. गुंडूला लाथ बसली होती, कास दगडासारखी घट्ट झाली होती. जनावरांचा डॉक्टर मात्र त्याच दिवशी दारात हजर झाला. बाईच्या कळांना ओवा आणि म्हशीच्या कासेला डॉक्टर, असा त्या घरचा न्याय.

दीड महिना झाला तशी पूर्णिमा सासऱ्याला म्हणाली, "मामा, आत्तींची नळी काढायला जायाचं हाय."

"आन धार कोण काढणार? तू?" गुंडू म्हणाला. "म्हैस आटू दे, मग जाऊ निवांत."

पूर्णिमाला म्हशीची भीती वाटायची. मग बयाबाईच हळूच म्हणाली, "अवं, माझं जुनेर गुंडाळून बसा की. आई माहेरला गेली की माझा बा तिचं लुगडं नेसून बसायचा. वास वळखीचा आला की म्हैस गप उभारती."

गुंडूचा हात मिशीवर गेला. "बायकूचं लुगडं नेसून म्हशीखाली बसू? उद्या डेअरीच्या कट्ट्यावर गुंडाबाई म्हणतील मला. डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं तुझं?"

विषय तिथंच संपला. दवाखान्यातनं फोन यायचे, गुंडू गोड बोलून ठेवून द्यायचा. म्हैस आटली तेव्हा ती गाभण होती, आणि गाभण म्हशीला सोडून कसं जायचं? मग ती व्याली, आणि रेडकू लहान होतं. बयाबाईला लघवी करताना आग व्हायची, धारेला वाकलं की कुशीत टोचायचं. दोन्ही गुडघ्यांत चरवी धरून, ओठ दाबून ती धार काढायची. पुन्हा सांगायची तिची हिंमत झाली नाही. खरं तर हिंमत कशाला लागावी? जीव तिचा होता.

पुन्हा ताप चढला तेव्हा पूर्णिमानं कुणाला विचारलंच नाही, गाडी बोलावली. नळीवर खड्यांचा थर चढून ती गच्च झाली होती आणि वरचं मूत्रपिंड कामातनं गेलं होतं. काढूनच टाकावं लागलं.

"कुठं होता इतके दिवस?" डॉक्टरीणबाईंनी गुंडूला विचारलं.

"म्हैस दुभती हाय की ओ, डॉक्टर."



मूत्रपिंड काढल्यावर काही दिवसांनी गुंडू हसतच खाटेजवळ आला. "बया, दिली की गं म्हशीनं धार! कास फुटायला आलती. शेवटी तुझं जुनेर गुंडाळलं आन बसलो. जरा बी हलली न्हाय बघ!"

बयाबाईला कुशीतल्या टाक्यांपेक्षा हेच जास्त झोंबलं.

"कोण हसलं काय?" तिनं विचारलं.

"छ्या! कोण हसतंय? उलट डेअरीत समदी म्हणाली, गुंड्या, डोस्कं चालवलंस."

"तवा चालवलं असतंसा, तर दोन दिसांचं काम हुतं."

गुंडूचं हसू विरलं. तो पिशवीतली मोसंबी उगीच खालीवर करत बसला.

"ते जुनेर आता तुमीच ठेवा," बयाबाई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

घरी आल्यावर सांजेला म्हैस रेकायला लागली. बयाबाई उंबऱ्यावर बसली होती. पूर्णिमा आतनं म्हणाली, "आत्ती, म्हैस तुमाला हाक मारतीया."

"मला न्हवं," बयाबाई म्हणाली. "जुनेराला मारतीया. मामांना सांग, नेसून जा म्हणावं."